दोन सेंटरांमधला माणूस

दिनांक ३ फेब्रुवारीला माझ्या टेबलावर चार हजार सहाशे ऐंशी रुपयांचं बिल आलं. ‘स्टेडी, एक नग. पाइप, दोन रोलर, वेल्डिंगसह.’ खाली सही होती आमच्या गवत कापायच्या यंत्रांच्या मिस्त्रींची, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भावाची.

मी गोल्फ क्लबात हिशेबनीस आहे. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आलेलं बिल कोणत्या खात्यात टाकायचं हे ठरल्याशिवाय मी घरी जात नाही. ही स्टेडी कुठल्याच खात्यात बसेना, म्हणून उठून मिस्त्रींच्या शेडमध्ये गेलो.

“दादा, ही स्टेडी म्हणजे मशीनचा भाग का?”

“नाही.”

“मग हत्यार?”

“नाही हो.”

“मग आहे तरी काय?”

“माणूस धरायचं साधन आहे, जावईबापू. तुम्ही टाका कुठेही.”

मी ते ‘किरकोळ दुरुस्ती’मध्ये टाकलं आणि पुढचे तीन आठवडे पस्तावलो.

दादा मूळचे टर्नर. एका पंपाच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं लेथवर काढली. पंपाचा लांब दांडा लेथवर फिरवायचा असेल तर त्याची दोन्ही टोकं दोन टोकदार सेंटरांच्या मध्ये धरतात. एक सेंटर जागचं हलत नाही, दुसरं ज्याच्यावर असतं त्याला टेलस्टॉक म्हणतात. लांब दांडा मधे वाकू नये म्हणून त्याला बाहेरून आधार देतात, ती स्टेडी. छत्तीस वर्षांत दादांचा एकही जॉब, म्हणजे लेथवर घडवलेला नग, तपासणीतून परत आला नाही. त्याचा परिणाम असा झाला की आपलं काही चुकू शकतं ही शक्यताच त्यांच्या डोक्यातून निघून गेली.

कुठलीही वस्तू दिसली की ते पहिल्यांदा विचारत, “याचं सेंटर कुठंय?” लग्नाआधी ते मला बघायला आले होते. माझा पगार, शिक्षण, घर, काही विचारलं नाही. मला दारापासून खिडकीपर्यंत तीन वेळा चालायला लावलं आणि घरी जाऊन बहिणीला सांगितलं, “मुलगा चांगला आहे. फक्त उजवीकडे झुकतो.” बायको हे मला अजून ऐकवते, विशेषतः उजवीकडे माझी आई बसलेली असली की.

कारखाना बंद पडला आणि दादा दोन वर्षं घरी बसले. बसले असं म्हणायचं. पंखे उतरवून त्यांचं सेंटर काढलं, दारं उतरवून बिजागऱ्यांचं काढलं. जेवणाचं टेबल डुगडुगतं म्हणून एक पाय कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. शेवटी टेबल इतकं बुटकं झालं की जेवताना गुडघे कानाला लागत. एक दिवस वहिनींचा मला फोन आला.

“भाऊजी, यांना कुठेही चिकटवा. पगार नाही दिला तरी चालेल. फक्त सकाळी घेऊन जा आणि संध्याकाळी आणून सोडा.”

मी क्लबाच्या कमिटीकडे शब्द टाकला. गवत कापायच्या यंत्रांसाठी माणूस हवाच होता. दादांना एका वर्षाच्या करारावर घेतलं. करार दर फेब्रुवारीच्या शेवटी संपायचा आणि मार्चमध्ये नवा व्हायचा. तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

दादांची शेड सरावाच्या मैदानाला लागून आहे. तिथे मेंबर लोक दिवसभर चेंडू मारत असतात. मारायची जी काठी असते तिला ते क्लब म्हणतात. पण आमची संस्थाही क्लबच असल्यामुळे मी तिला स्टिक म्हणतो. मारणारा चेंडूकडे तोंड करून उभा राहतो; चेंडू जायचा ती त्याची डावी बाजू म्हणजे पुढे, उजवी म्हणजे मागे. स्टिक बसली की गवताचं एक ढेकूळ उडतं आणि जमिनीला तळहाताएवढी खपली पडते. मेंबर चेंडू कुठे गेला ते बघत. दादा खपली बघत. लेथवरून निघालेली लोखंडाची साल बघून ते हत्यार कसं लागलंय हे सांगायचे, तीच नजर त्यांनी गवताला लावली.

आमच्या कॅप्टनबाई, म्हणजे क्लबाच्या प्रमुख, निवृत्त सर्जन. ऑपरेशन करताना त्यांचा हात कधी हलला नाही म्हणतात, पण चेंडूसमोर उभ्या राहिल्या की आधी जमीन खणत आणि मग चेंडूला ओझरता धक्का देत. चेंडू दहा पावलं जाऊन थांबायचा. डिसेंबरमधल्या एका सकाळी दादा तेलाचे हात पुसत शेडमधून बाहेर आले.

“मॅडम, तुमची खपली चेंडूच्या मागे पडतेय.”

“मग?”

“मग काय, तुमचं सेंटर मागे पळतंय.”

शेजारी आमचा कोच उभा होता. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही फक्त डोकं हलवू नका. बाकी फील घ्या.”

कोच माणूस वाईट नाही. वीस वर्षं शिकवतोय आणि स्वतः फार सुंदर मारतो. पण त्याला काहीही विचारलं की तो ‘फील घ्या’ म्हणतो. पाऊल कुठे ठेवू? फील घ्या. मनगट कधी वळवू? फील घ्या. फी किती? तेवढं मात्र आकड्यात सांगतो.

“डोक्याचा इथे काय संबंध?” दादा म्हणाले. “डोकं सेंटर नाही. डोकं ही सेंटरवर ठेवलेली टोपी आहे.”

कोचच्या डोक्यावर टोपी होती. तो लाल झाला.

दादांनी कॅप्टनबाईंना शेडमध्ये नेलं. भिंतीला एक खिळा ठोकला, त्याला दोरी बांधली, दोरीच्या टोकाला खडू. खडू फिरवून भिंतीवर वर्तुळाचा खालचा भाग काढला.

“हा खिळा म्हणजे तुमच्या कॉलरचं लेबल टोचतं ना, ती जागा. हात आणि स्टिक त्याच्याभोवती फिरतात. दोरी लांब झाली नाही, आखूड झाली नाही, तर वर्तुळाचं बूड दर वेळी एकाच ठिकाणी येणार. बरोबर?”

“बरोबर.”

“आता खिळा चार बोटं मागे ठोकला तर?”

कॅप्टनबाईंनी भिंतीकडे पाहिलं. “बूड चार बोटं मागे.”

“म्हणजे स्टिक चेंडूआधी जमिनीला लागणार. तुम्ही रोज तेच करताय. मनगट हे दुसरं, फिरतं सेंटर आहे, पण त्याला आपण नंतर बघू. आणि खाली एक सेंटर आहे. पट्ट्याचं बक्कल, त्याच्या आत चार बोटं. तुमचा कणा म्हणजे या वरच्या आणि खालच्या सेंटरांमध्ये धरलेला जॉब. सेंटरं हलली की जॉब बिघडला.”

“वरची जागा म्हणजे मानेचा सातवा मणका,” कॅप्टनबाई म्हणाल्या.

“नंबर तुमचा, जागा माझी,” दादा म्हणाले.

बाई मागे झुकायच्या थांबल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे चेंडू मैदानाच्या मधल्या तळ्यापर्यंत जायला लागले. झालं. दादांचे मास्तर झाले. सकाळी शेडपुढे मेंबरांची रांग लागू लागली. कॉलरच्या लेबलाला हात लावून पन्नाशीतले लोक एकमेकांच्या पाठी तपासू लागले. भिंतीवर इतकी वर्तुळं झाली की शेड दुरून सायकलच्या दुकानासारखी दिसू लागली. इकडे गवत कापायचं यंत्र उभंच. आठव्या खड्ड्याजवळ गवत घोट्याच्या वर आलं आणि एका मेंबराचा चेंडू, स्टिक आणि चष्मा एकाच दिवशी हरवला.

इथवर दादांचं काही चुकलं नव्हतं, गवत सोडलं तर. पण टर्नरला एकदा सेंटर सापडलं की ते हलू द्यायचं नाही ही त्याच्या हाडात भिनलेली सवय. माणूस मागे झुकू नये इतक्यावर ते थांबले नाहीत. माणूस दोन सूतही हलता कामा नये असं त्यांनी ठरवलं आणि ती स्टेडी बनवली.

पाइपांची कमरेएवढी चौकट, आत समोरासमोर दोन रोलर. मधे उभं राहायचं, रोलर कमरेला दोन्ही बाजूंनी घट्ट लावायचे. कंबर जागेवर फिरेल, पण ना पुढे ना मागे. पहिला मान आमच्या सिमेंटवाल्या मेंबरांना मिळाला. ते आत गेले, ते मोठ्या मानाने गेले. चेंडूही मारला. पण बाहेर येता येईना.

“मास्तर, जरा सैल करा.”

“श्वास सोडा.”

“सोडला.”

“अजून सोडा.”

“मास्तर, याच्यापुढे सोडला तर तो शेवटचाच असेल!”

ग्रीस लावून त्यांना काढलं. त्या शर्टाच्या धुलाईचं बिल त्यांनी नंतर क्लबाकडे पाठवलं. ते बिल मी परत केलं.

आठ दिवसांत स्टेडीतून निघालेले सगळे मेंबर बिघडले. खपल्या पुन्हा चेंडूच्या मागे पडू लागल्या, आणि आता तळहाताएवढ्या नाही, थाळीएवढ्या. खपल्या बुजवायला महिन्याला एक गाडी वाळू लागायची, फेब्रुवारीत तीन आल्या. दोघांची कंबर धरली. कॅप्टनबाईंचा चेंडू पुन्हा दहा पावलांवर आला. दादा सगळ्यांना एकच सांगत, “तुम्ही अजून हलताय. रोलर आवळा.”

कोचने कमिटीला पत्र दिलं. एकतर मिस्त्री राहतील, नाहीतर मी. कमिटीने ठरवलं की चोवीस तारखेला सकाळी आठ वाजता सरावाच्या मैदानावर येऊन स्वतः बघायचं आणि तिथेच निर्णय करायचा. दादांचा करार अठ्ठावीसला संपणार होता.

घरी बायको म्हणाली, “माझ्या दादाला काढलंत तर बघा.”

“अगं, मी कुठे काढतोय? कमिटी काढेल.”

“तुम्ही तिथेच असता ना?”

“मी हिशेब लिहितो.”

“मग काय उपयोग?”

या प्रश्नाला एकतीस वर्षांच्या नोकरीत मला उत्तर सापडलेलं नाही. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. त्या रडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, “भाऊजी, मी नवीन टेबल घेतलंय. उंच.”

तेवीसला दुपारी मी शेडमध्ये गेलो. दादा उलट्या बादलीवर बसून चहा पीत होते.

“दादा, एक ऐका. उद्या फक्त चुकलं म्हणा. स्टेडी काढून टाका आणि गवत कापायला लागा. कॅप्टनबाई तुमच्या बाजूने आहेत, त्या सांभाळून घेतील.”

“चुकलं नसताना चुकलं कसं म्हणू? माप बरोबर आहे.”

“मापाला काय करायचंय? नोकरी जाईल!”

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. तो नीट ठेवलाय की नाही हे पुन्हा वाकून पाहिलं.

“घरी नका पाठवू हो मला, जावईबापू,” ते हळूच म्हणाले. “घरी काही फिरत नाही.”

पण चुकलं मात्र ते तेव्हाही म्हणाले नाहीत.

चोवीसला सकाळी कमिटीचे पाचही जण आले. सिमेंटवाले लांब उभे राहिले. कॅप्टनबाई स्वतःहून स्टेडीत शिरल्या. दादांनी रोलर आवळले. पहिला फटका, जमीन. दुसरा, जमीन. तिसऱ्याला इतकी माती उडाली की खजिनदारांनी चष्मा पुसला. कोच हाताची घडी घालून आकाशाकडे बघत होता.

दादा खपलीपाशी गुडघ्यावर बसले. खिशातून स्टीलची पट्टी काढून माप घेतलं. चेंडूच्या मागे पाच इंच. पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. मग उठले आणि कोचकडे गेले.

“साहेब, तुम्ही एकदा आत उभे राहून मारता का?”

“मी? या पिंजऱ्यात?”

“एकदाच. तुमची खपली कायम चेंडूच्या पुढे पडते. तीन वर्षं बघतोय. कधी बोललो नाही.”

कोचला हे कौतुक आहे की टोमणा, ते कळेना. पण कमिटी बघत होती. तो आत गेला. दादांनी रोलर घट्ट लावले. कोचने स्टिक मागे नेली आणि खाली आणली, नेहमीसारखी, डौलात. काड्कन आवाज झाला. डावीकडचा, म्हणजे चेंडू जायच्या बाजूचा रोलर वेल्डिंगसकट वाकून बाहेर गेला. चेंडू मात्र तळ्याच्या पलीकडे.

“सॉरी, तुटली तुमची...” कोच म्हणाला आणि त्याला आपलं हसू आवरेना. दोघं-तिघं हसलेच. मी जमिनीकडे बघत होतो.

दादा मात्र स्टेडीकडे धावले. “हलू नका! तसेच उभे राहा!” त्यांनी वाकलेल्या रोलरला पट्टी लावली. मग खपलीला लावली. ती चेंडूच्या जागेपासून चार बोटं पुढे सुरू झाली होती. मग पुन्हा रोलरला.

“अडीच इंच,” ते म्हणाले. “खालचं सेंटर अडीच इंच पुढे गेलं.” आणि सगळ्या कमिटीकडे वळून त्यांनी कपाळावर हात मारला. “अहो, हा प्लेन टर्निंगचा जॉबच नाही! टेपरचा आहे!”

कोणालाच काही कळलं नाही. खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी ते जमेत धरणार होतो.

दादांनी मग समजावून सांगितलं. दांडा सगळीकडे सारखा जाड हवा असेल, म्हणजे प्लेन टर्निंग, तर दोन्ही सेंटरं एका रेषेत ठेवतात. पण एका टोकाकडे निमुळता हवा असेल, म्हणजे टेपर, तर टेलस्टॉक मुद्दाम थोडा बाजूला सरकवतात, मापात. माणसाची कंबर हा टेलस्टॉक. स्टिक खाली येताना ती पुढे सरकायलाच हवी, म्हणजे वर्तुळाचं बूडही चेंडूच्या पुढे जातं, आधी चेंडू आणि मग गवत. कंबर बांधून ठेवली की हात पुढे जाताना मान मागे पडते आणि बूड मागे राहतं.

“मागे झुकणं चूक. पण पुढे सरकणं चूक नाही. मी दोन्ही बंद केलं.” त्यांनी पट्टी खिशात ठेवली. “माझं चुकलं.”

एकतीस वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. संध्याकाळी वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “भाऊजी, तब्येत बरी आहे ना त्यांची?”

“पण मी इतकी वर्षं हेच सांगतोय!” कोच म्हणाला. “हेच! वजन पुढे जाण्याचा फील घ्या म्हणून!”

“साहेब, तुम्ही फील म्हणालात. अडीच इंच म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी ऐकलं असतं.”

दादांनी डावीकडचा रोलर काढूनच टाकला. मागचा ठेवला, मागे जायची बंदी म्हणून. पुढे अडीच इंचांवर एक दोरी बांधली. कॅप्टनबाई पुन्हा आत आल्या.

“मॅडम, खाली येताना कमरेने दोरीला नुसता स्पर्श करायचा. तोडायची नाही.”

पहिल्या फटक्याला दोरी तुटली. दुसऱ्याला चेंडू टप्पकन उचलला गेला आणि तळ्याच्या काठावर जाऊन पडला. तिसरा तळ्यावरून पलीकडे गेला. खपली चार बोटं पुढे. बाई स्टेडीतून बाहेर आल्या. त्या कमिटीशी बोलल्या तेव्हा आवाज ऑपरेशननंतर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात तसा होता.

“मिस्त्री राहतील. कोचही राहतील. दहा वाजेपर्यंत गवत, त्यानंतर शिकवणं. कोचनी मारून दाखवायचं, मास्तरांनी मापायचं. आणि स्टेडीत सिमेंटवाल्यांना घालायचं नाही.”

सिमेंटवाल्यांनी लांबूनच हात वर करून अनुमोदन दिलं. करार मी सोमवारी टाइप केला. या वेळी दोन वर्षांचा.

सगळे पांगत असताना कॅप्टनबाई थांबल्या. “मास्तर, तुम्ही स्वतः कधी चेंडू मारलाय का?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“लेथ चालवणारा स्वतः लेथवर चढत नाही, मॅडम.”

पण बाईंनी ऐकलं नाही. आपली स्टिक त्यांच्या हातात दिली आणि क्लबाच्या टोपलीतले तीन चेंडू पुढे ठेवले. दादांनी पँट वर ओढली, कॉलरच्या लेबलाला हात लावला, बक्कल तपासलं. कोच मागून म्हणाला, “फील घ्या, मास्तर.” दादांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

पहिला चेंडू सरळ तळ्यात गेला. दुसरा तळ्यात. तिसरा बदकाजवळून तळ्यात. आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो. दादांनी मान वर करूनही पाहिलं नाही. दर फटक्यानंतर ते गुडघ्यावर बसत, पट्टी लावत आणि मोठ्याने ओरडत, “चार बोटं पुढे! जावईबापू, लिहून घ्या! चार बोटं!” तिसऱ्यानंतर तर ते उठलेच नाहीत, गवतात बसून त्या खपलीवर बोट फिरवत राहिले. मीही शेजारी बसलो आणि माझी पँट खराब झाली.

क्लबाचा चेंडू पाण्यात गेला तर मारणाऱ्याने प्रत्येकी सत्तर रुपये भरायचे असा नियम आहे. दादांचे दोनशे दहा रुपये अजून यायचे आहेत.